दुसऱ्याच्या वहीतलं आपलं पान

रसिक: मामा, तुम्ही 'समांतर'ला भविष्य सांगणाऱ्यांची मालिका म्हणून एका वाक्यात निकालात काढता, पण तिच्यात भविष्य हे निमित्त आहे. कुमार महाजन नोकरीत, घरात, सगळीकडे अडलेला, चिडका माणूस. मित्र त्याला ओढूनताणून एका स्वामींकडे नेतो. स्वामी हात बघतात आणि काही सांगायलाच नकार देतात, कारण हाच हात त्यांनी पूर्वी एकदा बघितलेला असतो. कुमारच्या वाट्याचं आयुष्य आणखी एक माणूस आधीच जगून बसलाय, सुदर्शन चक्रपाणि त्याचं नाव. मग शोध, मग भेट, मग त्या माणसाच्या रोजनिश्या कुमारच्या हातात. अट अशी की रोज एकच पान वाचायचं, उद्याचं. कादंबरी सुहास शिरवळकरांची. सतीश राजवाडेंनी दिग्दर्शित केलेला पहिला सीझन २०२० च्या मार्चमध्ये एमएक्स प्लेअरवर फुकट आला आणि लगोलग टाळेबंदी लागली. आपल्या जालन्यातही लोकांनी घरात बसून मोबाइलवर तो बघितला. बहुतेकांना 'पुढे काय' एवढंच हवं होतं. मला मात्र ती गोष्ट पोथीसारखी वाचावीशी वाटली. आपण जे निवडतो ते खरंच आपण निवडलेलं असतं का? एखाद्याला उद्याचं पान मिळालं तर तो उद्या जगतो, की नुसता पार पाडतो? हे प्रश्न विचारायला पूर्वी मठात जावं लागे. आता ते टॉवेल वाळत घातलेल्या गॅलरीत येऊन विचारले जातात, यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही.

शंकेखोर: प्रश्न जुने आहेत, मोलाचेही आहेत. पण स्वामींचं भाकीत खरं का ठरतं, ते सांग. लेखकानं ठरवलं म्हणून. तिथे ज्योतिषी चुकला असता तर गोष्ट दुसऱ्या भागातच आटोपली असती. म्हणजे भाकीत खरं ठरणं ही त्या गोष्टीची गरज झाली. बघणारा मात्र नऊ भाग लागोपाठ बघतो, छातीत धडधडतं, आणि उठताना त्याच्या मनात एवढंच उरतं की असं असू शकतं बरं का. तत्त्वज्ञान तू घेतेस. बाकीचे हे 'असू शकतं' घेऊन जातात. आणि जुळण्याचं म्हणशील, तर माणसाला काहीही जुळतं. फोरर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'हा खास तुझा' म्हणून निष्कर्षाचा कागद दिला. कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग वर्गाला कळलं की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तोही पेपरच्या टपरीवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. एकोणचाळीस समांतर आयुष्यं! तुझ्या मालिकेचं नाव त्या वर्गाला जास्त शोभलं असतं.

रसिक: फोररचा प्रयोग मला मान्य आहे. पण मी मालिका पुरावा म्हणून बघतच नाही. भूमितीच्या पुस्तकात 'समजा' असतं ना, तसं ते आहे. समजा, तुझं आयुष्य आधी कुणीतरी जगलंय. आता सांग, तू कोण? आणि ही युक्ती काही मुंबईच्या स्टुडिओत जन्मली नाही. योगवासिष्ठात लवण राजाची गोष्ट आहे. दरबारात एक गारुडी येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, राजाला क्षणभर भान राहत नाही. भानावर येतो तेव्हा तो सांगतो की मी घोड्यावरून रानात भरकटलो, उपाशी मरायला टेकलो, चांडाळाच्या मुलीशी लग्न केलं, लेकरं झाली, मग दुष्काळ पडला आणि सगळं उद्ध्वस्त झालं. दरबाराच्या घड्याळात हे सगळं थोड्याच वेळातलं. इथपर्यंत स्वप्न म्हणून सोडून देता येईल. पण दुसऱ्या दिवशी राजा विंध्याच्या रानात जातो, तर तीच वस्ती, तेच उजाड रान, आणि गेलेल्या जावयाच्या नावानं रडणारी तीच म्हातारी. कुमार चक्रपाणिला शोधत निघतो तेव्हा मला लवण आठवला. वसिष्ठांनी रामाला मन म्हणजे काय हे समजवायला अशीच थरारक, डोकं गरगरवणारी गोष्ट निवडली, मामा. नुसतं प्रवचन दिलं नाही.

शंकेखोर: वसिष्ठ तिथे बसलेले होते, हा फरक तू विसरतेस. गोष्ट संपली की राम विचारतो, हे कसं झालं, आणि वसिष्ठ उलगडून सांगतात. आपल्याकडची सगळी परंपरा अशीच आहे. महानुभावांचा दृष्टांतपाठ बघ. केशोबासांनी ११४ दृष्टांत लावले, आणि रचना कशी? आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे या गोष्टीतून काय घ्यायचं ते. गोष्ट मोकाट सोडायची नाही, तिला दोन्हीकडून कुंपण. पैठणच्या नाथांनी भारुडात विंचू चावलेल्या माणसाचं सोंग आणलं, लोक खो खो हसले असतील. पण सोंग संपायच्या आत विंचू कोण आणि उतारा कुठला हे नाथ सांगून टाकतात. कीर्तनकार पूर्वरंगात आधी अभंग सोडवतो आणि मगच आख्यानाला हात घालतो. तुझ्या मालिकेत दार्ष्टांतिक कुठाय? तिथे प्रत्येक भाग अशा जागी तोडलेला की तू पुढचा लावल्याशिवाय राहू नयेस. विचार करायला जिथे थांबायचं, नेमकं तिथेच ती तुला ढकलते. मध्ये जाहिराती. तू त्यात अध्यात्म बघितलंस, कारण ते तुझ्याकडे आधीच होतं. तू डोंगर बघितला असतास तरी तुला तेच दिसलं असतं.

रसिक: असं कसं? अर्थ नुसता माझ्या पदरचा असता तर मी गप्प बसले असते. पण चक्रपाणिच्या भूमिकेत त्यांनी घेतलं कुणाला? नितीश भारद्वाज. १९८८ ते ९० या काळात रविवारी सकाळी अख्खा देश ज्यांना कृष्ण म्हणून बघत होता, तेच. पात्राचं नाव सुदर्शन, आडनाव चक्रपाणि. कुमार त्याच्या समोर बसून 'माझं पुढे काय' विचारतो, तेव्हा ज्या बाईनं ते महाभारत बघितलंय तिला रथ आणि दोन्ही सैन्यं दिसल्याशिवाय राहत नाहीत. हे बनवणाऱ्यांनी केलंय, मी नाही. आणि त्याच्याही पुढे, आपल्या भागात तर चक्रपाणि हे नाव आणखी खोल जातं. महानुभावांच्या पंचकृष्णांत श्रीचक्रपाणि आहेत. भोकरदन तालुक्यात जाळीच्या देवाला जाणाऱ्या माणसाच्या कानावर ते नाव पडलं की त्याच्या आत जे हलतं, ते एखाद्या मुंबईकराच्या आत हलणार नाही. म्हणजे अर्थ तिथे पेरलेला आहेच. उगवतो तो जमिनीप्रमाणे.

शंकेखोर: आता तू माझ्या हातात सापडलीस. तीन गोष्टी सांगितल्यास. नट, नाव, आणि पंचकृष्ण. पहिल्या दोन बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवल्या असं धरू. तिसरी तू जोडलीस. पण बोलताना तिन्ही एका दमात आल्या, आणि ऐकणाऱ्याला तिसरी सगळ्यात वजनदार वाटली! भविष्य जुळतं ते असंच. दोन धागे खरे, तिसरा आपला, आणि गाठ पक्की बसते ती तिसऱ्याची. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये हे तपासूनच बघितलं होतं. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. ज्योतिष्यांना एवढंच विचारलं की कुठली पत्रिका कुठल्या गटातली. प्रत्येकाला चाळीस दिल्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती.

तू म्हणशील, मालिका आणि पत्रिका वेगळ्या. माझ्या दुकानात ये म्हणजे वेगळ्या राहतात का ते दिसेल. बियाणं विकतो मी. अक्षय्य तृतीयेला शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते. शेतात खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, भोवती धान्यांचं रिंगण. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठला दाणा हलला, कुठलं ढेकूळ भिजलं ते बघून पाऊस आणि पिकं सांगतात. विड्यावरची सुपारी जागची हलली का यावरून राजाची गादी. सगळ्या चॅनलांवर बातमी. आणि जूनमध्ये माणूस काउंटरवर येतो, म्हणतो, औंदा पहिलाच महिना चांगला सांगितलाय, सोयाबीन द्या. मी म्हणतो, बाबा, पाऊण-शंभर मिलिमीटर पाऊस होऊ दे, मातीत वीतभर ओल जाऊ दे. तो हसतो. पहिल्या सरीवर पेरतो, मग तीन आठवडे ऊन, आणि पुन्हा तोच माणूस त्याच काउंटरवर, दुबार पेरणीच्या बियाण्याला उधारी मागत. त्यानं उद्याचं पान वाचलं होतं ना! तुला कुमारच्या वहीत जीव-शिव दिसतो, मला माझी उधारीची वही दिसते.

(भेंडवळवर शंकेखोर बराच वेळ बोलू शकतो, मी छाटून घेतलं आहे. एक गोष्ट त्यानं सोयीनं वगळली: वेधशाळेचा अंदाज चुकला की हाच गृहस्थ 'शेवटी हा शक्यतेचा खेळ' असं म्हणून सांभाळून घेतो.)

रसिक: उधारीचं दुःख खरं आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण तुम्ही सारखे एकाच दाराशी उभे राहता, भाकीत खरं की खोटं. गोष्टीला त्या दाराशी काम नाही. भाकीत खरं धरल्यावर माणूस काय करतो, तिथून ती सुरू होते. आपल्याकडे अशी दोन माणसं आहेत ज्यांना शेवटचं पान आधीच वाचायला मिळालं. कंसानं आकाशवाणी ऐकली आणि पान फाडायला निघाला. कोठडी, पहारे, कोवळी लेकरं आपटणं. टाळण्यासाठी जे जे केलं त्या वाटेनंच ते त्याच्याकडे चालत आलं. दुसरा परीक्षित. सात दिवसांत तक्षक डसणार हे त्यालाही कळलं. तो गंगेकाठी बसला आणि ऐकत राहिला. आपल्या गावोगावी भागवताचा सप्ताह सात दिवसांचा असतो तो त्याच्यामुळे. दोघांना कळलं ते सारखंच, मृत्यू. जगणं मात्र एकाचं नरक झालं आणि दुसऱ्याचं श्रवण. 'समांतर'च्या दुसऱ्या सीझनमध्ये कुमार कंसाच्या वाटेनं जातो. वहीत एक बाई येणार म्हणून लिहिलेलं असतं, आणि टाळू टाळू म्हणताना तो तिकडेच ओढला जातो. मी बघत होते ते हे की याला कुणी परीक्षित का शिकवला नाही?

आणि जांब तर आपल्याच घनसावंगी तालुक्यात. १६०८ साली तिथे जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट इथलं प्रत्येक पोर ऐकून असतं. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, पुढचं सगळं पान लिहून तयार: संसार, शेत, कुळकर्ण. आणि त्यानं ते पान उलटलं नाही, वहीच टाकून पळाला. मानसशास्त्रीय नाट्य म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

शंकेखोर: आणि हीच गोष्ट भक्ताला विचार. तो म्हणेल, पळणं हेच ठरलेलं होतं, ते अवतारी पुरुष. तुझ्या मते वही टाकली, त्याच्या मते वहीतच लिहिलं होतं. एकच गोष्ट दोन्हीकडे लागते, कारण ती चरित्रकारांनी पुढून मागे बघून सांगितलेली आहे. बारा वर्षांच्या पोराला त्या क्षणी काय वाटलं, कुणाला ठाऊक! मला त्या पोरापेक्षा पुढचे रामदास भरवशाचे वाटतात. मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिणारा माणूस. मनाला कसं दटावायचं, कसं चुचकारायचं, हे त्यांना कळत होतं. दासबोधात बाराव्या दशकात एक अख्खा समास यत्नाच्या शिकवणीचा आहे. आळशानं नशिबाच्या नावानं बोटं मोडावीत हे त्यांना सहन होत नसे. आणि ज्या योगवासिष्ठातली लवणाची गोष्ट तू आत्ता सांगितलीस, तेच योगवासिष्ठ सुरुवातीलाच सांगून मोकळं होतं की दैव म्हणून निराळं काही नाही, ते आपलंच आधीचं कर्तृत्व, आणि आजच्या कर्तृत्वानं कालच्यावर मात करता येते. तू गोष्ट उचललीस आणि कुंपण टाकून दिलंस.

कंस-परीक्षिताचं मात्र मला पटलं, अर्धं. अर्धं अशासाठी की त्या दोघांना खरंच कळलेलं होतं. आपल्याला कळत काहीच नाही. आपल्याला कुणीतरी सांगतं, आणि सांगण्याचे पैसे घेतं. नुसता दावा ऐकून परीक्षितासारखं शांत बसायचं, तर उद्या कुणीही येऊन तुला गंगेकाठी बसवून जाईल. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. ज्या घरातलं माणूस रात्र रात्र बडबडतं, त्या घरानं काय करायचं? जवळ काय असतं, तर अंगारा. अशा मुलखात 'असंभव'सारखी मालिका २००७ पासून दोन वर्षं रोज रात्री घराघरात पुनर्जन्म आणि जादूटोणा दाखवते, आणि वर आपण म्हणायचं, वा, मनाचा किती खोल शोध! मन आजारी पडलं तर त्याला डॉक्टर लागतो, मागच्या जन्मीची बाई नव्हे.

रसिक: तो 'असंभव'वरचा राग 'समांतर'वर काढू नका. मनोरुग्णालयाचं तुम्ही म्हणता ते खरंय, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मालिका बंद केल्यानं दवाखाना उघडत नाही. उलट, रात्र रात्र बडबडणाऱ्या माणसाबद्दल घरात चारचौघांत बोलायला एखादं निमित्त मिळतं. 'त्या मालिकेतल्यासारखं होतंय का रे तुला' असं एखादी आई लेकाला विचारू शकते. एरवी ती काय विचारणार होती? तिच्याकडे शब्दच नव्हते. ते शब्द चुकीच्या दाराशी नेतील की बरोबर, हे पुढचं.

आणि एक जागा आहे तिथे तुम्ही अजून आलाच नाहीत. वहीचं पान घ्या. चक्रपाणिनं लिहिलं तेव्हा तो त्याचा दिवस होता, होऊन गेलेला. तेच पान, तीच शाई, कुमारच्या हातात आल्यावर उद्या होतं. एकासाठी आठवण, दुसऱ्यासाठी हुकूम. 'हे असंच व्हायचं होतं' हे वाक्य चक्रपाणि म्हणाला तर तो स्वतःला माफ करतोय. कुमार म्हणाला तर स्वतःला बांधून घेतोय. वाक्यात एक अक्षर बदललेलं नाही. नशीब खरं की खोटं यापेक्षा ते कुणीकडे तोंड करून म्हटलंय, हे मला त्या मालिकेनं दाखवलं, आणि पोथीनं इतकं लख्ख दाखवलं नव्हतं. आपल्या थोरल्या काकांना आठवा. २०१३ च्या उन्हाळ्यात मोसंबीची बाग गेली. टँकरनं पाणी घातलं, खोडाला पोती गुंडाळली, निम्म्या झाडांवर कुऱ्हाड चालवून निम्मी वाचवायला बघितली. शेवटी सालं सुटायला लागली तेव्हा काका ओट्यावर बसून म्हणाले, नव्हतं नशिबात. त्या रात्री ते झोपले. त्याआधी किती रात्री झोपले नव्हते, ते काकूला विचारा. त्या वाक्यानं त्यांना अंधश्रद्ध केलं म्हणता का? त्या वाक्यानं माणूस वाचवला.

शंकेखोर: काका झोपले, ते बरंच झालं. माणूस राहिला. मागच्याकडे तोंड आणि पुढच्याकडे तोंड, हा तुझा फरक मी घेतो. माझ्या काउंटरवरचा माणूस पुढच्याकडे तोंड करून तेच म्हणत असतो, म्हणून मला त्याचा राग येतो, हे आत्ता कळलं. पण तू समजतेस तेवढं मागचं दार निर्धोक नाही. 'नव्हतं नशिबात' म्हटल्यावर काका झोपले, आणि त्यांच्याबरोबर आणखी बरेच जण निवांत झोपले. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या अंबड-घनसावंगीतून जातो. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं यावर दरसाल भांडण. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. दरसाल विहिरी खोल, बोअर त्याहून खोल. आकाशातून पडलं नाही ते नशीब म्हण, मी वाद घालणार नाही. पण पडलेलं कुठे अडलं, कुणी अडवलं, ते पान आकाशानं लिहिलेलं नाही. त्याच्या खाली सह्या आहेत. काकांनी सगळं एकाच शब्दात गुंडाळलं आणि सह्या करणारे सुटले.

आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच तालुक्यांच्या गर्दीत कडवंची होतं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं त्या लोकांनी आधी पाणलोटाची कामं केली होती, बांध घातले, शेततळी खोदली. २०१३ ला तिथल्या द्राक्षबागा तगल्या. आभाळ तेच, तारखा त्याच. जालना तालुक्यातलंच गाव. समांतर रेषा म्हणशील तर याहून समांतर काय असतं? पण एक रेषा वळली.

रसिक: कडवंची मला कौतुकाचीच आहे. पण मग तिथे प्रकल्प आला, काकांच्या गावाला आला नाही. काकांचा यत्न कमी पडला म्हणायचं का? बारा वर्षं जोपासलेली बाग आळशी माणसाची नसते, मामा. यत्न, यत्न म्हणत तुम्ही एक वेगळाच ज्योतिषी बसवताय, जो मागून सांगतो की बघा, कडवंचीनं केलं म्हणून तगले, तुम्ही केलं नाही म्हणून गेलात. हे ऐकून काकांच्या छातीवर धोंडाच बसला असता. ज्यांनी सगळं केलं आणि तरी गेलं, त्यांच्यासाठी तुमच्या दुकानात काय आहे?

शंकेखोर: काही नाही. बियाणं आहे. आणि काकांनी कमी केलं असं मी म्हणणार नाही, तसं कुणी म्हटलं तर भांडेन. प्रकल्प कुठल्या गावाला मिळावा हे कुणीतरी ठरवलं. त्याला नशीब म्हणू नकोस, निर्णय म्हण.

रसिक: काकांच्या ओट्यावरून दोन्ही सारखेच दिसतात.

शंकेखोर: दिसतात. पण निर्णयाविरुद्ध अर्ज करता येतो, तहसीलवर जाता येतं. नशिबाविरुद्ध कुठल्या खिडकीवर जाशील?

रसिक: त्या रात्री अर्ज लिहायला बसायचं की झोपायचं, हे काकांच्या आत कुणीतरी ठरवलं. ते कोण, हे विचारणारी गोष्ट मला हवी असते. मनाचे श्लोक तेच विचारतात, लवण राजा तेच विचारतो. मालिका वाईट विचारते, घाईत विचारते, मधे साबणाची जाहिरात लावून विचारते, पण विचारते.

शंकेखोर: निम्मंच विचारते. रोज एकच पान, ही अट मला तिच्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली, हे तुला आधीच सांगायला हवं होतं. माझ्या गिऱ्हाइकानं ती पाळली असती तर पहिल्या सरीवर पेरलं नसतं. पण ती अट मोडायचा मोह कुमारला का होतो, तिथे ती रेंगाळत नाही. तो पान उलटतो एवढं दाखवते आणि पळते. न उलटता तो निजला असता तर काय झालं असतं, हे दाखवणं तिला परवडत नाही.

रसिक: आणि तुमच्या पाऊण-शंभर मिलिमीटरला परवडतं?